सुभेदार पाण्याला का भ्याला?

मी एक जुना लोखंडी टोप आहे. लष्करातला. पालथा घातला की डोकं झाकतो, उताणा ठेवला की परात होतो. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडं ज्या नजरेनं बघताय ती नजर मला चांगली ठाऊक आहे. भंगारवाला असाच बघतो, आधी माझ्याकडं आणि मग इकडंतिकडं. तेव्हा जरा लांबच बसा. माझी गोष्ट लांबनंही ऐकू येते.

कारखान्यात मला यंत्राखाली दाबून काढलं आणि बोटीतनं मिसरच्या वाळवंटात पाठवलं. तिथं मी कृष्णाताच्या डोक्यावर आलो. कृष्णात तासगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला, फौजेत हवालदार. आमच्याकडं कांदे-बटाट्याच्या गोदामाचा पहारा होता. सबंध लढाईत आमच्यावर गोळी एकही आली नाही. उंदीर आले.

एका दुपारी शिपायांनी मला उन्हात पालथा ठेवला आणि माझ्या टाळूवर अंडं फोडलं. ते तिथल्या तिथं भाजलं. कृष्णातानं ते मीठ लावून खाल्लं. हे अंडं तेवढं लक्षात ठेवा. मला कुणाच्या लक्षात राहण्याचा भरवसा नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लढाई संपली. कृष्णात मला ट्रंकेत घालून गावी घेऊन आला. त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, मला दोन बोटांनी उचललं, वास घेतला आणि म्हणाली, "ह्यात काय काय शिजलंय कुणाला ठावं. चुलीपशी न्हाई आणायचं हे."

मग मी शेंगा मापायच्या कामी आलो. एका कोंबडीनं माझ्यात अंडी उबवली आणि उठताना मला चोच मारली. का मारली ते तिलाच ठाऊक. शेवटी माझी नेमणूक झाली कुत्र्याच्या पाण्याला.

कुत्र्याचं नाव सुभेदार. पलटणीत सुभेदारानं कृष्णाताला नोकरीभर उठबस करायला लावलं होतं. म्हणून घरी आल्यावर त्यानं कुत्रा पाळला, त्याला हे नाव दिलं आणि दिवसभर मोठ्यानं हुकूम सोडायला लागला. "सुभेदार, बैठ. सुभेदार, उठ. सुभेदार, चूप." असं म्हणताना त्याच्या मिशीत जे समाधान दिसायचं ते मी लढाईतही बघितलं नव्हतं.

अंगणात कडुनिंबाखाली एक फरशी होती. ती सुभेदाराची पोस्ट. सकाळी कृष्णात त्याला तिथं साखळीनं बांधायचा आणि शेजारी चुंबळीवर मला ठेवायचा. मनुबाई दिवस उगवायला मला भरून रानात जायची. वर निंबाची एक आडवी फांदी होती. तिची सावली दिवसभर फरशीवर असायची. पाणी गार, फरशी गार, सुभेदार खूश. तसं पाहिलं तर त्या फांदीमुळंच माझं नाव चांगलं होतं.

मग होळी आली. होळीची लाकडं चोरूनच आणायची ही गावाची रीत. आमच्या अंगणात रात्री कोण येऊन गेलं मी बघितलं आहे. पुढं होता शेजारचा नाथाजी. हा नाथाजी म्हणजे, मावसभावाला कुत्रं चावलं तेव्हा त्याच्याबरोबर मिरजेच्या दवाखान्यात राहून आलेला माणूस. भाऊ बरा झाला. नाथाजी मात्र तेव्हापासून निम्मा डॉक्टर झाला तो झालाच. त्यानं आमची फांदी तोडली, होळीत घातली आणि तिच्याभोवती सगळ्यांत मोठ्यानं बोंब मारली.

फांदी गेली आणि फरशीवर ऊन आलं. चैत्र सरला, वैशाख लागला. मनुबाई म्हणाली, "आवं, सुभेदाराला पडवीत बांधा की. सावली ऱ्हायली न्हाई हितं."

"पोस्ट हाय ती त्येची," कृष्णात म्हणाला. "शिपाई पोस्ट सोडत न्हाई."

"त्येचं पाय पोळत्यात. बघा की, एक उचलतंय, एक ठेवतंय."

"पोळत न्हाईत. मार्क टाइम करतोय त्यो." आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवायचा, "बघा, कुनी शिकिवलं न्हाई, आपल्या मनानं कवायत करतोय."

मित्रांनो, आता खरा दिवस सांगतो.

भर दुपार होती. मनुबाईनं सकाळी भरलेलं पाणी माझ्यात चहाच्या आधणासारखं झालं होतं. माझ्या कडेला माशीसुद्धा टेकत नव्हती. सुभेदाराची जीभ गुडघ्यापर्यंत लोंबत होती, लाळ गळत होती, डोळे लाल. तेवढ्यात नाथाजी चुना मागायला आला. त्याच वेळी सुभेदारानं माझ्यात तोंड घातलं. कडेला जीभ भाजली, चुंबळ सरकली, मी हेलकावलो आणि कढत पाणी त्याच्या नाकावर बसलं. तो केकाटत मागं उडाला. साखळी नाथाजीच्या पायांत गुंतली. नाथाजी आडवा झाला आणि सुभेदाराची सगळी लाळ त्याच्या धोतराला लागली.

नाथाजी उठला तो गल्लीत ओरडतच. "कृष्णाताचं कुत्रं पिसाळलं. पान्याला भ्यालं. म्या डोळ्यानं बघितलं."

मग काय विचारता. गल्लीतल्या आकारामला आठवलं की सुभेदारानं परवा त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं होतं. त्याची शेळी सकाळी शिंकली होती. त्या शेळीच्या दुधाचा चहा आठजणांनी घेतला होता. ते आठजण एकमेकांपासून हातभर सरकून बसले आणि कुणाच्या तोंडाला फेस येतो का ते बघायला लागले. एकानं नुसतं थुंकलं तर दोघं पळाले.

थोड्या वेळानं नानासो आले. नानासो म्हणजे गावचे पाटील. त्यांच्या हातात ठासणीची बंदूक होती.

"कृष्णात, बाजूला हो. पोरंबाळं हायती गावात."

कृष्णात सुभेदाराच्या पुढं उभा राहिला. "आदी चौकशी, मग गोळी. फौजेत बी असंच असतंय."

नानासोंना हे पटलं. चौकशी करायला मिळणार म्हणजे बसायला मिळणार. त्यांच्यासाठी पडवीच्या सावलीत बाज टाकली. पंच सावलीत बसले, साक्षीदार सावलीत बसले, बघायला आलेले सावलीत दाटीवाटीनं उभे राहिले. आरोपी तेवढा उन्हात. तो मार्क टाइम करत होता.

नाथाजीनं साक्ष दिली. "लाळ गळती, डोळं लाल, तोल जातुया. पर खरी खूण येकच, नानासो. पिसाळलेलं पान्याला भितंय. मिरजंला समद्यांच्या तोंडात हेच व्हतं."

"मग पानी दावा त्येला," नानासो म्हणाले.

माझ्याजवळ यायची कुणाची छाती होईना. शेवटी आकारामनं कडबा ओढायची लांब काठी आणली आणि तिच्या टोकानं मला सुभेदाराकडं ढकललं. आता बघा, काठीऐवजी एकानं जरी मला हातानं उचललं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण हात लावायचा नाही हे शहाणपण सगळ्यांना एकदमच सुचलं. मला तोंड नाही. माझ्यातनं वाफ निघत होती, ती माझी साक्ष होती. पण तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे कुत्र्याच्या जबड्याकडं बघत होते.

सुभेदारानं मला बघितलं आणि साखळी ताणून, पोट जमिनीला लावून मागं मागं गेला. कण्हायला लागला.

नानासोंनी बंदुकीत दारू ठासली, छर्रे घातले, वर चिंधी कोंबली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली आणि बंदूक बाजेला टेकवून ठेवली. "बोल कृष्णात. झाली चौकशी?"

कृष्णाताच्या मिशा खाली आल्या होत्या. "झाली," तो म्हणाला. "पर साखळीत न्हाई मारायचा त्येला. मी मोकळा करतो. आन गोळी बी मीच घालतो. दुसऱ्याच्या हातनं नगं."

तो जवळ गेला तसा सुभेदार उठला. शेपटी हलवली. पाय उचलून त्याच्यापुढं कवायत करायला लागला. कृष्णाताचा हात गळपट्ट्यावर थांबला. पट्टा काही निघेना. त्याच्या बोटांना कडी सापडत होती, पण ती तो काढत नव्हता.

गलका ऐकून रानातनं आलेली मनुबाई इतका वेळ दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करून ती पुढं आली. "आवं नानासो, इचारू का येक? कुत्र्याची लाळ लागली तर मानूस बी पिसाळतंय ना?"

"व्हय. घाव आसंल तर."

"मग नाथाजीभावजींचं धोतार बघा. चिप्प वलं हाय. आन पडल्याव गुडगा बी फुटलाय त्येंचा."

सगळ्यांनी बघितलं. मग नाथाजीच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून गेली. पुढच्या ओळीत तो एकटाच राहिला.

"काय बी काय, वैनी," नाथाजी म्हणाला. "मला काय झालंय?"

"कुत्रं बी हेच म्हनत आसंल," मनुबाई म्हणाली. "त्येची परीक्षा घेतली, तुमची बी हुं द्या. लांब बसून कुनाला कळायचं?"

नानासोंनी बंदुकीकडं नजर टाकली आणि नाथाजीकडं बघितलं. त्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. "नाथाजी, घाल पान्यात हात. तुझाच नियम हाय. भीत न्हाईस ते दाव."

नाथाजी तावातावानं उठला. गावासमोर नाक कापून घेणारा माणूस नव्हता तो. त्यानं बाही वर केली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि मनगटापर्यंत हात माझ्यात घातला.

मित्रांनो, त्यानं जी उडी मारली तिला मी मनापासून सलाम करतो. तो माझ्यातनं उडाला तो थेट नानासोंच्या बाजेवर. बाज कलंडली, नानासो खाली, बंदूक आडवी, आणि ठो. सबंध लढाईत माझ्यावर गोळी आली नव्हती, ती माझ्यावर तासगावजवळ आली. छर्रे माझ्या कुशीवर बसले, मी उंच उडालो आणि सगळं कढत पाणी न्यायपंचायतीच्या अंगावर सांडलं.

"आयाया," म्हणत सगळेच पळाले. आकाराम कणगीवर चढला. चहा घेतलेले आठजण एकाच दारातनं एकदम बाहेर पडायला गेले आणि अडकले. नानासो बाजेखालनं म्हणाले, "पानी, पानी. लांब ठेवा त्ये पानी."

मनुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता कुनाकुनाला गोळ्या घालायच्या, नानासो?"

कृष्णात माझ्याकडं आला. त्यानं मला उचललं, टाकलं आणि बोटं तोंडात घातली. मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. "अंडं," तो म्हणाला.

नाथाजी हातावर फुंकर मारत होता. "म्हंजे ती टोपावरच्या अंड्याची गोष्ट खरी व्हती?"

"तुला खोटी वाटत व्हती व्हय?"

"समद्या गावाला खोटी वाटती. पारावर दर आठवड्याला सांगतुयास."

कृष्णात त्या फरशीवर जाऊन उभा राहिला, अनवाणी. जरा वेळ टिकला. मग त्याचा एक पाय वर आला. तो ठेवला, दुसरा वर आला. मार्क टाइम कशाला म्हणतात ते त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं खाली वाकून साखळी सोडली आणि सुभेदाराला उचलून पडवीत नेलं.

मनुबाईनं रांजणातलं पाणी मातीच्या परळात ओतून पुढं ठेवलं. सुभेदारानं आधी परळाकडं बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडं. कुणावर विश्वास ठेवावा असं कुणी दिसलं नसावं. शेवटी तहान जिंकली. तो प्यायला, थांबला, परत प्यायला. मनुबाई म्हणाली, "बेतानं, बेतानं," आणि ओलं गोणपाट त्याच्या पाठीवर टाकून पायांवर पाणी शिंपडत बसली. दिवस कलला तसा सुभेदार उठला, पडवीच्या खांबापाशी गेला आणि नाथाजी उभा होता त्याच बाजूला पाय वर केला.

तोवर पळालेली मंडळी परत जमली होती. नानासोंनी जायला उठताना विचारलं, "ह्या निंबाची फांदी कुनी तोडली?" सगळे जमिनीकडं बघायला लागले. नाथाजीनं भाजलेला हात पाठीमागं लपवला. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींनी उसाचं पाचट आणून अंगणात छप्पर घातलं. कृष्णातानं सुभेदाराच्या बदलीचा हुकूम खणखणीत आवाजात वाचून दाखवला. नवी पोस्ट पडवीत. दुपारची ड्यूटी माफ.

मला मनुबाईनं रांजणाच्या बुडाशी, सावलीत, गळ्यापर्यंत मातीत पुरलं. रांजणाचं पाझरलेलं पाणी माझ्यात पडतं. माती ओली, मी गार. चिमण्या येतात, आकारामची शेळी येते. सुभेदार पुष्कळ दिवस आला नाही. लांबनं बघायचा आणि परळाकडं जायचा. मी त्याला दोष देत नाही. मग एके दुपारी परळ शेळीनं फोडला. सुभेदार माझ्याजवळ आला, बसला, माझ्याकडं बघत राहिला. हळूच एक पंजा पुढं केला आणि पाण्यात बुडवला. थांबला. मगच जीभ लावली. त्यानंतर तो रोज आधी पंजा घालायचा, मग प्यायचा. सबंध गावानं जे केलं नाही ते कुत्रा शिकला.

तेव्हा मित्रांनो, उन्हाळ्यात तुमच्या कुत्र्यापुढं पाणी ठेवलंत की दुपारी एकदा त्यात आपला हात घाला. तो बांधलाय तिथं अनवाणी उभे राहून बघा. सकाळची सावली दुपारी तिथं असतेच असं नाही, तीही माझ्यासारखी भरवशाची नाही. तो प्यायला नाही तर संशय खुशाल घ्या. मीही सगळ्यांचा घेतो. पण आधी भांड्याचा घ्या, मग उन्हाचा घ्या, मग बांधणाऱ्याचा घ्या. कुत्र्याचा नंबर सगळ्यांत मागं.

आणि आता उठताना मला उचलून बघू नका. कोण कशासाठी उचलतंय ते मला कळतं.