मास्तरांचा सदरा

"आई, मी बोलतोय."

वकिलाच्या सदऱ्यावर इस्त्री फिरत होती, ती तिथेच थांबली. आवाज रडवेला, नाकात अडकलेला. सर्दी झाली की माझ्या मुलाचा व्हायचा, अगदी तसा. पण माझा मुलगा गेल्या हिवाळ्यात गेला. एकुलता एक. त्याच्या अंगावरचा शेवटचा सदरा मीच इस्त्री केला होता, तेव्हा मला कुणी वेड्यात काढू नये.

"ॲक्सिडेंट झालाय, आई. हा दुसऱ्याचा फोन आहे. कुणाला सांगू नकोस."

असले भामटे मी चांगले ओळखून आहे. शेजारच्या कंपाउंडरला असाच भाच्याचा फोन आला होता. माणूस गल्लीभर अक्कल वाटत फिरायचा, आणि पलीकडच्याने नुसतं 'मामा' म्हटल्यावर भाच्याचं नावगाव स्वतःच पुरवून बसला. जन्माची पुंजी गेली. त्याच संध्याकाळी माझ्या मुलाने दुकानात मला आणि सूनबाईला समोर बसवलं. म्हणाला, हल्ली आवाजही हुबेहूब काढतात. उद्या मीच रडत फोन केला तरी आधी विचारायचं, सदरा कुणाचा जाळलास? लहानपणी हौसेने इस्त्री हातात घेतली आणि पहिल्याच फटक्याला त्याने शाळेच्या मास्तरांचा सदरा जाळला होता. मी गुपचूप तस्साच नवा शिवून मास्तरांना दिला, त्यामुळे घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नाही.

"मी काय पाघळणारी वाटले का रे तुला?" मी तेव्हा विचारलं होतं.

"बाहेरून नाही वाटत," तो म्हणाला होता.

एवढं सगळं ठाऊक असून मी पिशवीतून बँकेचं कार्ड काढलं. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सगळं त्यात होतं. आवाज म्हणत होता, कार्डावरचे आकडे वाच, डॉक्टर थांबलेत. मी चष्मासुद्धा लावला. गेलेलं माणूस फोन करत नाही, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. पण कानाची समजूत कोण घालणार?

सूनबाई दारात येऊन उभी होती. कार्डाकडे बघत होती.

"सदरा कुणाचा जाळलास?" मी विचारलं.

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मी थांबले. खोटं कशाला बोलू, जीव कानात आणून थांबले.

"सदऱ्याचं काय घेऊन बसलीस, आई? आकडे सांग."

मी फोन ठेवला.

मग वास आला. इस्त्री उचलली, तर वकिलाच्या सदऱ्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता. उभा जन्म या धंद्यात गेला, माझ्या हातून कधी कापड जळलं नव्हतं.

सूनबाईने कार्ड उचलून पिशवीत घातलं. कोण होतं, ते विचारलं नाही. सदऱ्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "आता सदरा कुणाचा जाळला असं मला कुणी विचारलं, तर काय सांगायचं?"

"मास्तरांचाच," मी म्हणाले. "उत्तर बदलायचं नाही. माझ्या पोराला तेवढंच ठाऊक आहे."

फोन पुन्हा वाजू लागला. मी दुसरा सदरा टेबलावर पसरला, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि तो वाजायचा थांबेपर्यंत इस्त्री हातातच धरून ठेवली.