विहिरीच्या तळाशी ऊन

केनवडच्या दौलतरावांना पन्नाशीत चष्मा लागला. तो घालून ते रोज सांजेला ओट्यावर बसत आणि शाळेच्या कपाटातून आणलेलं ग्रहताऱ्यांचं पुस्तक बायकोला वाचून दाखवत. सोजरबाईंना अक्षरं येत नव्हती, पण प्रश्न फार पडत. पृथ्वी कलती राहून सूर्याभोवती फिरते, हे ऐकल्यावर त्यांनी तिरपी घागर धरून कंदिलाभोवती फेरी मारली, तेव्हा कुठे त्यांना ते पटलं.

१९५६ सालचा मे महिना होता. शेतातल्या विहिरीत पाणी किती उरलं ते पाहायला दौलतराव वाकले आणि चष्मा नाकावरून सटकून आत गेला.

विहीर खोल, दगडानं बांधलेली. तळाशी गुडघाभर निवळ पाणी, खाली गाळ. दौलतरावांचा धाकटा भाऊ उकंडराव लगेच दोर घेऊन उतरायला निघाला.

"थांबा भाऊजी," सोजरबाई म्हणाल्या. "अंधारात पाय पडला त काचा फुटतीन."

उकंडरावानं आरसा आणून आत कवडसा पाडला. पण तळहाताएवढा तो कवडसा नुसता थरथरत होता, आणि त्यात प्रत्येक खडा चमकत होता.

"मंग आता काय करावं, वयनी?"

"सूर्य माथ्यावर येऊ द्या."

"तो त रोजच येते!"

"रोज नाई येत. दुपारीबी जरासा दक्षिणेकडंच राह्यते. उत्तरेकडं सरकता सरकता एक दिवस बरोब्बर आपल्या माथ्यावर येते. तुमच्या दादानंच वाचलं ना. त्या दिवशी ऊन तळाले जाईन."

दौलतराव बायकोकडे पाहतच राहिले. वाचलं होतं त्यांनीच, पण विहीर काही त्यांच्या डोक्यात आली नव्हती. "पन पुस्तकात आपल्या गावची तारीख नाई दिली," ते म्हणाले.

"तारीख कायले पाह्यजे? मुसळ हाये ना घरी."

सोजरबाईंनी अंगणात मुसळ उभं रोवलं. रोज भर दुपारी त्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवत. खडे मुसळाकडे सरकत गेले. एके दिवशी सावली मुसळाच्या बुडाशीच येऊन गोळा झाली, तशी दुसऱ्या दिवशी तिघंही विहिरीवर गेली. आणि नेमकं आभाळ आलं.

"झालं," उकंडराव म्हणाला. "आता पुढच्या वर्षी."

"एका दिवसात सूर्य कुठी पयून जाते? उद्या येऊ. वापस फिरतानाबी तो माथ्यावरून जाईन, पन तवा पावसाळा राह्यीन अन् विहीर भरली राह्यीन."

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. ऊन पश्चिमेच्या भिंतीवरून दगडादगडानं खाली उतरलं, पाण्याला टेकलं, आणि बारा वाजून गेल्यावर सगळा तळ उजळला. वर्षभर काळी दिसणारी ती विहीर! गाळावरची काडीन् काडी दिसत होती.

"थे पाहा, चमकून राह्यलं!" उकंडराव ओरडला.

तो चाळणी घेऊन उतरला. पण चाळणीत आला तो पितळेचा लोटा, शेजारच्या गोजराबाईंचा, मागच्या साली पडलेला. दौलतरावांचा चेहरा पडला. पण सोजरबाईंनी कठड्यावरून नजर हलवली नव्हती.

"भाऊजी, डाव्या हाताले, भिंतीजवळ. पाय नका हलवू."

चष्मा निघाला. एक काडी तुटली होती, तिथं दोरा बांधला की भागणार होतं. काचा शाबूत होत्या. दौलतरावांनी त्या धोतराच्या सोग्यानं पुसल्या, चष्मा डोळ्यांवर धरला आणि आधी बायकोकडे पाहिलं.

लोटा मिळाल्यानं गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराबाई चारपाच बायांना घेऊन विहिरीवर आल्या.

"सोजरे, माही सावली कुठी गेली व?"

"तुह्या पायाखाली हाये. अजून काही दिवस जाऊ दे, दुपारी थे दक्षिणेकडं पडन."

"काहीबाई सांगतं! दुपारची सावली कधी तिकडं पडते का?"

"ये ना पाह्यले," म्हणत सोजरबाई कठड्यावर टेकल्या आणि सूर्य उत्तरेकडं का जातो ते सांगू लागल्या. दौलतरावांना मध्येच अक्षांशाबद्दल दोन शब्द बोलावंसं वाटलं. पण बाया ऐकण्यात इतक्या गुंगल्या होत्या की ते घरून आणलेली ताकाची कासंडी उचलून एकेकीला ताक वाढत फिरले.