तक्त्याबाहेरचं वीतभर पाणी

सुताराची चूक एवढीच, की त्यानं भिंतीवर विश्वास ठेवला.

घरामागे होडी बांधायला घेतली तेव्हा खाडीकडच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या पातळीला, पाण्याची ठळक रेघ होती. उधाणाचं पाणी इथवर येतं असं धरून त्यानं उतार बांधला आणि उतारावर होडी. दोन वर्षं खपला. होडी देखणी झाली. पाणी मात्र तिच्याकडे फिरकेना. दर उधाणाला वीतभर खालीच थांबायचं आणि माघारी जायचं. खाली चिखल, ढकलली तर रुतणार. गल्ली अरुंद, क्रेन शिरत नाही.

"ती रेघ वादळातली होती, भावजी," मेहुणी म्हणाली. बंदराच्या कचेरीत भरतीचे तक्ते लावणं हे तिचं काम, आणि भावजींना छळणं हा फावल्या वेळातला उद्योग. "भिंतीला विचारलंत. मला विचारलं असतं तर?"

वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण गुरुवारी दुपारी. तक्त्याप्रमाणे तेही वीतभर कमीच.

"मग वीतभर पाणी आणू कुठून?"

"तक्त्यात चंद्र असतो, सूर्य असतो. त्या दिवशीची हवा नसते. हवेचा दाब उतरला की समुद्रावरचं ओझं हलकं होतं, पाणी फुगतं. त्यात वारा किनाऱ्याकडे सुटला, तर तो आणखी रेटतो."

"म्हणजे वादळ मागू?"

"वादळ कशाला? थोडी बिघडलेली हवा पुरे."

झालं. सगळे आभाळ निवळायची वाट बघतायत आणि हा ढग दिसला की शीळ घालतोय.

"लोक जोड्यानं मारतील तुम्हाला," बायको म्हणाली.

गुरुवार. मेहुणीचा फोन: "दाब उतरला! वारा तुमच्याच दारी निघालाय. दोर बांधा."

दोर त्यानं ओहोटीलाच चिखल तुडवत जाऊन खाडीतल्या खांबाला बांधला होता. नवराबायको होडीत चढून बसली.

पाणी चिखलावर आलं.

पाणी उतारावर.

तक्त्याची वेळ व्हायची होती, आणि पाणी तक्त्याचा आकडा ओलांडून

वर

आणखी वर

होडी शहारली. एका अंगाला कलली, सावरली आणि

"ओढ!" सुतार ओरडला.

ज्या वाऱ्यानं पाणी आणलं, तोच आता होडीला परत घराकडे लोटत होता. दोघांनी दोर ओढला. हात सोलवटले. उतार मागे पडला, चिखलावरून होडी सरकत गेली आणि खांबाला येऊन टेकली. तरंगत.

मग सुतारानं मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून पाणी आत शिरत होतं. आत पाट तरंगत होता.

"अगं... पीठ!"

"सकाळीच माळ्यावर टाकलंय. पीठ, डाळ, तुमचे कोरडे कपडेसुद्धा."

"म्हणजे तूही वाटच बघत होतीस?"

"हळू बोला. शेजारी ऐकतील."

तो उठायला लागला. "चल, पुसायला हवं."

"बसा हो जरा," तिनं त्याचा सदरा ओढला. "ओहोटी लागली की जाईल आपलं आपण."