गाड्यांची पोटं बघणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी कधी केस विंचरले नाहीत. लांब दांडा, खाली तीन चाकं आणि त्यावर आडवी काच, असा माझा अवतार. बंदराच्या फाटकावर मला गाडीखाली सरकवायचं आणि कुणी काही घातक बांधलंय का ते बघायचं, एवढंच काम. जन्मभर चिखल, ग्रीस आणि गाड्यांची पोटं पाहिली. दमलो हो आता!

सुरुवातीला काय माझा थाट! पहारेकरी मला रोज पुसत, वाकून वाकून बघत. पण रोज मरे त्याला कोण रडे? पुढे मला नुसतं फिरवू लागले. हात दांड्यावर, डोळे ड्रायव्हरवर आणि गप्पा रंगलेल्या. माझ्यात बघायचं राहूनच जायचं.

फाटकावरच्या पहारेकरी ताईंचा धाकटा भाऊ जहाजांना डिझेल पोचवणारा टँकर चालवायचा. एका दुपारी तो आला. ताईंनी सवयीनं मला टँकरखाली ढकललं आणि वर बघून विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे रे?"

"कुरकुरतोय. तुझी वाट बघते. ये की एकदा!"

इकडे माझ्या काचेत भलतंच दिसलं. टाकीखाली चिकटपट्टीनं एक डबा बांधला होता, त्यातून वायर लोंबत होती. भाऊ वाटेत चहाला थांबला तेव्हा कुणीतरी डाव साधला होता, हे नंतर कळलं. टँकर आत गेला असता, तर भाऊही गेला असता आणि धक्क्यावरची माणसंही. पण मी ओरडणार कसा? मला आवाज कुठला!

तेवढ्यात माझं गंजकं चाक खड्ड्यात अडकलं. "काय मेली कटकट!" म्हणत ताई वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"इंजिन बंद कर. उतर आणि पळ."

"अगं, पण..."

"पळ म्हणते ना!"

फाटक रिकामं केलं, बॉम्बशोधक पथक आलं, डबा निकामी झाला. साहेबांनी माझ्या दांड्यावर थाप मारली. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. ताई मात्र भावाचा हात धरून रडत होत्या. "मी बघतच नव्हते रे," एवढंच म्हणत होत्या.

कौतुक चार दिवस टिकलं. मग इतरांच्या पुन्हा त्याच गप्पा, माझ्यावर पुन्हा तीच धूळ. आता काचेला तडा गेलाय, चाक तसंच गंजकं आहे. मित्रांनो, मला पुसा, चाकाला तेल द्या. पण त्याआधी माझ्यात बघा. चाक काही रोज वेळेवर अडकत नाही.

भाऊ मात्र ती दुपार विसरला नाही. टँकर आला की ताई बोलायला तोंड उघडतात आणि तो खिडकीतूनच हात दाखवतो.

"आईचं मग सांगतो, ताई. आधी खाली बघ."

ताई कण्हत वाकतात, आणि बघतात.