साडेसहाची मिस्सा आणि कोरे बूट

"फादर, मिस्सा चालू असताना तुम्हाला स्वतःला कधी कंटाळा येतो का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीचे कान तापले. मागच्या बाकावर तिच्या तीन मैत्रिणी एकमेकींच्या दंडांना चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. चर्चच्या सभागृहात महिन्यातून एकदा तरुणांची बैठक व्हायची, शेवटी फादर विचारायचे, "कोणाला काही प्रश्न?" आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघायचे, असा शिरस्ता होता. "तू विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल," असं भोंगा म्हणाली होती. भोंगा म्हणजे भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. तिची कुजबुजही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची.

मागच्या वर्षीची भिंगरी असती तर तिने मुकाट्याने दप्तरं उचलली असती. पण यंदा वादविवाद स्पर्धेत तिने वरच्या वर्गातल्या दोन दादा लोकांची बोलती बंद केली होती, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला चाकं फुटली होती.

फादरांनी शांतपणे चष्मा पुसला. "येतो की. कधीकधी तर माझ्याच प्रवचनात येतो."

सभागृह खिदळलं.

"मग मी नुसता शब्द धरून चालतो. जिन्यातला दिवा गेला की आपण कठडा धरतो ना, तसं. कठड्यात काही गंमत नसते, पण तो वर पोचवतो." त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "आता माझी पाळी. तुला कुठल्या मिस्सेत कंटाळा येत नाही?"

झालं. सगळी चाकं एका दमात पंक्चर.

कारण खरं उत्तर होतं, साडेसहाच्या. आणि ते उत्तर या सभागृहात फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि समोर उभ्या असलेल्या फादरांना.

"राहू दे," फादर म्हणाले. "सवडीने सांग."

त्यांच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी दोन मिस्सा, म्हणजे उपासनाविधी, व्हायच्या. साडेसहाची जुन्या वळणाची: लॅटिन भाषा, वाद्यं नाहीत, मधूनमधून लांबलचक शांतता. दहाची नवी: आपल्या भाषेतली, गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावर गाण्यांचे शब्द. दहावाले साडेसहाला 'म्युझियम' म्हणायचे. साडेसहावाल्यांची बाजू टकटक आजी सांभाळायच्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, गाताना बोटाने बाकावर ताल धरायच्या म्हणून हे नाव. "तुमच्याकडे टाळ्या आहेत, मेणबत्त्या आहेत, गाणी आहेत," त्या म्हणायच्या, "आता तेवढा केक आणा, म्हणजे वाढदिवस पूर्ण होईल."

आणि या वाढदिवसाचे यजमान होते भिंगरीचे पप्पा. चष्म्याचं दुकान चालवणारा हा शांत माणूस रविवारी गिटार गळ्यात अडकवली की ओळखू यायचा नाही. चर्चमध्ये पहिली गिटार त्यांनीच आणली होती, कॉलेजात असताना. त्याच ग्रुपमध्ये मम्मी गायला आली आणि पुढचं सगळं झालं. भिंगरी पाळण्यात होती तेव्हापासून तिला झोप ड्रमच्या आवाजातच लागायची.

मग ती साडेसहाला पोचली कशी? तर विसराळूपणामुळे. शनिवारच्या सरावाला पप्पांच्या गिटारचा पट्टा ती चर्चच्या माळ्यावर विसरली. बोलणी खायला नकोत म्हणून पहाटेच आणायला गेली, आणि खाली कोणीतरी गायला लागलं. पाच म्हातारे आवाज, एकही वाद्य नाही. जिन्यावरच तिचे पाय थबकले. ती चाल तिच्या ओळखीची होती! कुठे ऐकली, ते मात्र काही केल्या आठवेना.

पुढच्या रविवारी ती परत गेली, खांबाआड बसली. दहाच्या मिस्सेत सगळे तिला ओळखायचे, ती आज कशी गायली, केस कसे बांधले, हे सगळ्यांना दिसायचं. इथे तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. आनंदी दिसलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. परीक्षेची धाकधूक, भोंगाशी झालेलं भांडण, सगळं तसंच सोबत घेऊन बसता यायचं आणि ते आपोआप खाली बसायचं, पाण्यातला गाळ बसतो तसं.

एकदा ती नकळत गुणगुणली. मिस्सा संपल्यावर खांबावर टकटक झाली.

"खांबाला कंठ फुटला की काय?" आजी म्हणाल्या. "बाहेर या, खांबराव. आमच्यात वरचा सूर लावणारं कोणी उरलेलं नाही."

त्यांच्या चमूत एक निवृत्त बसड्रायव्हरही होते. खालचा सूर ते असा धरून ठेवायचे, जणू सिग्नल लाल आहे. ते म्हणाले, "चढ बाळ, गाडी रिकामीच आहे."

चढली. घरी सांगितलं, जॉगिंगला जाते. पप्पांनी कौतुकाने नवे बूट आणून दिले.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. दहाच्या ग्रुपमधली मुख्य गायिका बाळंतपणासाठी सुट्टीवर जात होती आणि पप्पांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं, "या रविवारपासून माईक माझ्या लेकीकडे!" नवा कोरा माईकही आणला होता. दोन्हीकडे गायचं तर शनिवारी संध्याकाळी दोन्ही सराव एकाच वेळी. एक सोडणं भाग होतं. वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या या पोरीला एक वाक्य जमेना. पप्पा, मला दुसरीकडे गायचंय. म्हटलं तर पप्पांचं तोंड कसं होईल, हे तिला डोळ्यांपुढे दिसायचं.

रविवार उजाडला. साडेसहाला ती गायली, घरी जाऊन कपडे बदलले, दहाला माईकसमोर उभी राहिली. पहिली दोन गाणी झकास झाली. भोंगाने मागून अंगठा दाखवला. फादर वेदीशी आले, हात पसरून म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो."

भिंगरीने छाती भरून श्वास घेतला आणि सुरात, खणखणीत, नव्या कोऱ्या माईकमध्ये उत्तर दिलं,

"एत् कुम् स्पिरितु तुओ!"

बाकीच्यांचं "आणि तुमच्या आत्म्याबरोबर" अर्ध्यातच विरघळलं. रडणारं एक तान्हं बाळ गप्प झालं. ड्रमवाल्याच्या हातातली काडी पडली आणि फरशीवरून गडगडत थेट वेदीच्या पायरीपर्यंत गेली. फादरांचे ओठ एकदा थरथरले, पण त्यांनी पुढचं वाक्य नेटाने म्हटलं. पप्पांनी हळूच मान वळवली. आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या बुटांकडे. तेच जॉगिंगचे बूट. अजून दुकानातल्यासारखे कोरे.

आणि मजा म्हणजे, भिंगरीला वाईट वाटलं नाही. मिस्सा संपेपर्यंत ती इतकी मोकळी गायली की तिचं तिलाच नवल वाटलं.

बाहेर आवारात तोंडांना ऊत आला होता.

"काय ग पोरी, परदेशी चॅनेल लागला होता का?" कसाईकाका ओरडले.

"छान वाटलं हो," कडेवर बाळ घेतलेली एक बाई म्हणाली. "पण अर्थ कळत नाही ना."

"टाळ्या वाजवतेस त्याचा तरी कुठे कळतो?" तिची सासू म्हणाली.

"मला टाळ्यांत देव भेटतो, सासूबाई."

"भेटू दे ना. मला गप्प बसल्यावर भेटतो. दोघींना भेटतो तर भांडायचं कशाला?" असं म्हणत ती सासू आणखी दहा मिनिटं भांडली.

भोंगा धावत आली. "तू दर रविवारी पहाटे उठतेस? स्वतःहून? तुला ताप आहे का?"

पप्पांनी मात्र गिटार पेटीत ठेवली, पेटी गाडीत ठेवली, गाडी घरी आणली.

स्वयंपाकघरात मम्मी बटाटे सोलत होती. ती प्रसूतिगृहात परिचारिका. रात्रपाळी करून आली होती, तरी डोळे टक्क उघडे. पप्पा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग, जॉगिंग कसं चाललंय?"

"पप्पा, मी खोटं बोलले. चुकलं माझं."

"मी एवढा वाईट गातो का ग?"

"नाही हो! तसं नाही." चाकं पुन्हा फिरायला लागली. "मला दहाची मिस्सा आवडते. पण तिथे मी गाते. साडेसहाला मी... मी नुसती असते. आणि तिथली ती 'किरिये' प्रार्थनेची चाल आहे ना, ती पहिल्याच दिवशी मला पाठ होती. शपथ! कुठून आली तेच कळत नाही."

तिने दोन ओळी गाऊन दाखवल्या. मम्मीची सुरी थांबली. ती हसायलाच लागली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अग, दुकानाच्या मागे काच घासायचं मशीन चालू असतं तेव्हा काय ऐकतेस तू?"

"मशीन."

"आणि मशीनच्या आत?"

भिंगरीने पप्पांकडे पाहिलं. पप्पांचे कान लाल झाले होते. अगदी तिच्यासारखेच.

"मी गुणगुणतो?" पप्पांनी विचारलं.

"रोज," मम्मी म्हणाली. "लग्न झाल्यापासून. काच जाड असली की जास्तच."

पप्पांनी टेबलावरच्या बटाट्याच्या साली एका जागी गोळा केल्या. "माझे बाबा गायचे ते," ते म्हणाले. "मला हाताला धरून न्यायचे आणि बाकावर दाबून बसवायचे. मला नकोसं व्हायचं. मी गिटार आणली तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या पोरांना मी असं दाबून बसवणार नाही."

"आणि नवा माईक कोणाला न विचारता आणलास?" मम्मीने विचारलं.

पप्पांनी कपाळावर हात मारला. मग एवढा मोठा सुस्कारा सोडला की साली हलल्या. "म्हणजे मी बाबाच झालो! नुसती गिटार घेऊन!"

तिघंही हसले. भिंगरीला वाटलं, हे वाक्य घरात किती वर्षं दबून बसलं होतं कोण जाणे, आता कुठे त्याला खुर्ची मिळाली. ती उठून उभी राहिली, वादविवादात राहायची तशी, दोन्ही हात टेबलावर टेकून.

"तर मी ठरवलंय. साडेसहाला मी टकटक आजींबरोबर गाणार. दर रविवारी, उघडपणे. दहाला येणार, पण तुमच्यासमोर बाकावर बसणार आणि बिनमाईकची गाणार. माईक भोंगाला द्या. तिला तो लावायचीही गरज नाही, पण ती त्याच्यावर कधीपासून डोळा ठेवून आहे." ती जरा थांबली. "आणि पप्पा, पुढच्या रविवारी मला सोडायला तुम्ही यायचं. आत बसायची सक्ती नाही. पण बसलात तर खालच्या सुराला तिथे एकटे ड्रायव्हरकाकाच आहेत."