वाटेची हरकत

तांबडवाडीतल्या बौद्ध वस्तीचं स्मशान ओढ्याजवळच्या माळावर आहे. तिथं जायला बद्रीनाथच्या शेतातून एक पायवाट होती. बद्रीनाथच्या आजोबांच्याही आधीपासून मयत त्याच वाटेनं जायची, कुणी कधी अडवलं नव्हतं. पण शहर वैजापूर रस्त्यानं सरकत सरकत गावापर्यंत आलं आणि बद्रीनाथनं ते शेत एका बिल्डरला विकून टाकलं. तिथं एकशे दहा प्लॉट पडणार होते. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवा, अशी नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर नकाशासह लागली. नकाशात वाट कुठंच नव्हती. तिच्या जागी प्लॉट आखले होते, आणि चहूबाजूंनी भिंत.

हे पहिल्यांदा कडूबाईच्या लक्षात आलं. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवून ती निवृत्त झाली होती. सरकारी कागद वाचायची तिला सवय होती, पण नकाशातल्या सगळ्या रेघा तिलाही उमगेनात. तिनं प्रणयला फोन केला.

प्रणय तिच्या भावाचा मुलगा. त्याची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून डिप्लोमा हातात पडेपर्यंत तो आत्याच्याच घरी राहिला. आता शहरात, औरंगपुऱ्यात एका इंजिनियरच्या ऑफिसात तो नकाशे काढायचा. रविवारी तो आला आणि फलकासमोर उभं राहून त्यानं तिला एकेक रेघ समजावून सांगितली.

"सरकारी मोजणीत ही वाट नाय, आत्या. म्हणून त्यांनी सोडून दिली. पण वहिवाट तर आहे. सगळ्यांनी मिळून हरकत घेतली तर त्यांना वाट ठेवावी लागंल."

हरकतीचा अर्ज त्यानंच लिहिला. कडूबाईला तो फार आवडला. तिच्या मनातलं सगळं त्यात होतं, आणि तिला जमलं नसतं अशा भाषेत. तो घेऊन ती दारोदार फिरली. म्हातारे कचरूबाबा सही करताना थांबले.

"ह्या शेवटच्या वळीत काय लिव्हलंय?"

"आपल्या वतीनं प्रणय बोलंल, असं."

"तुझा प्रणय व्हय? मग दे इकडं."

त्रेसष्ट सह्या झाल्या.

सुनावणी मंगळवारी अकरा वाजता शहरातल्या नियोजन कार्यालयात होती. कडूबाई आणि शेजारची रूपा सकाळच्या बसनं निघाल्या. प्रणय म्हणाला होता, मी परस्पर येतो. त्या पोचल्या तेव्हा तो आत बसलेला होता, पुढच्या रांगेत, बिल्डरच्या माणसाशेजारी. जागा मिळाली तिथं बसला असेल, असं कडूबाईला वाटलं. तिनं हात केला. त्यानं मान हलवली, पण उठला नाही.

अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या, घाईत नव्हत्या. तांबडवाडीची फाईल उघडून त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं.

"ही हरकत तर मागं घेतलीय."

"कुणी?" कडूबाई उभी राहिली. "आम्ही तर आज बोलायला आलोत."

"गुरुवारचं पत्र आहे. ओढ्याच्या कडेनं पर्यायी रस्ता मान्य आहे, म्हणून हरकत मागं घेत आहोत. खाली तुमच्या प्रतिनिधींची सही आहे." त्यांनी नाव वाचून दाखवलं.

कडूबाईनं प्रणयकडं पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत होता, आणि स्क्रीन बंद होती.

"मॅडम, ओढ्याकडून फेरा दीड किलोमीटरचा पडतो. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असतं. खांद्यावर मयत घेऊन कसं जायचं? आम्हाला कुणी विचारलंच नाय."

"मावशी, तुम्ही सगळ्यांनी त्यांना अधिकार दिलाय, सह्या करून." बाईंचा आवाज खाली आला. "हरकतीची मुदत संपली. तुमचं म्हणणं मी लिहून घेते. मंजुरी निघालीच, तर वर अपील करता येईल तुम्हाला."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. कडूबाईनं खाली सही केली.

परतीच्या बसमध्ये रूपानं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "आम्ही प्रणयला काय ओळखत होतो? तुझ्याकडं बघून सह्या केल्या."

रूपाचं खरं होतं. गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. ज्या क्रमानं सह्या घेतल्या त्याच क्रमानं ती एकेका दारात गेली आणि झालं ते सांगितलं. कुणी ओरडलं नाही. दोघांनी ऐकून नुसतं दार लोटून घेतलं. कचरूबाबा म्हणाले, "म्हंजी मला आता वढ्यातून नेणार तर," आणि बाजेवर कुशीवर वळले.

चार दिवसांनी प्रणय आला. तिनं त्याला पाणी दिलं.

"आत्या, ऐकून तर घे. ती मंजुरी तशीही निघालीच असती. बिल्डरचे लोक साईट इंजिनियरचं काम मला देतो म्हणाले. आणि वाट बंद कुठं झाली? जरा लांबली."

"मग हे मला पत्र द्यायच्या आधी का नाय सांगितलं?"

"तू नाय म्हणाली असती."

"व्हय. नायच म्हणाले असते." तिनं कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढं ठेवला. "लिही आता. कुणालाही न विचारता मी हरकत मागं घेतली, येवढंच. तुझंच अक्षर पाहिजे. अपिलाला जोडायचंय."

त्यानं पेन उचललं.

"माझी नोकरी जाईल, आत्या."

"जाईल."

त्यानं पेन ठेवलं, ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायला आणि चप्पल घालून निघून गेला. आजवर तो कधीच तिच्या पाया न पडता गेला नव्हता.

महिन्याभरात मंजुरी निघाली. मुरमाचे डंपर येऊ लागले, भिंतीचा पाया खणला गेला. डोक्याला पिवळं हेल्मेट घालून प्रणय तिथं उभा असायचा. कडूबाई बसस्टँडला जायची तेव्हा तो पाठ फिरवायचा.

अपिलाचा अर्ज तिनं स्वतः लिहिला. तीन दिवस लागले, खाडाखोड झाली, भाषाही साधीच राहिली. प्रतिनिधी म्हणून कुणाचंच नाव घातलं नाही. या वेळी एकोणीस जणांनीच सह्या केल्या. त्यांतल्या प्रत्येकानं आधी तिला समोर बसवून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला. रूपानं दोनदा.