पुस्तकातले तास

गॅरेजच्या वहिनींच्या नाकावर माशी बसत नाही, आणि चुकून बसलीच तर बसण्याची मजुरी देऊन जाते, असं गिऱ्हाइकं मागून बोलत. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्यांना वहिनी म्हणायचा हक्क खरं तर एकाच माणसाचा, धाकट्या दिराचा. पण गाडीखालून दिवसभर "वहिनी, फोन वाजतोय", "वहिनी, पार्टवाला आला का" अशी हाक यायची. तीच मेकॅनिक लोकांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी, मग पार्टवाल्याने. पोटचा लेकसुद्धा शटरच्या आत आला की आई म्हणायचं विसरायचा. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता. त्याचा शेंबूड पुसायचा आणि त्यालाच "अहो भाऊजी" म्हणायचं, असला सगळा थाट. सासू लवकर गेली. भाऊजींना भरवलं वहिनींनी, शाळेतून पळून आले की मालकांच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, मारापासून पदराआड घेतलं वहिनींनी, आणि शेवटी शाळा सुटली ती सुटलीच म्हणून हातात पाना दिला तो मालकांनी. भाऊजींनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, घरात एक बोलणारी आहे, दुसरी झेपायची नाही.

मालक होते तोवर मजुरीचं सोपं होतं. ते बॉनेट उघडत, गाडी चालू करून कान देत आणि एक आकडा बोलत. बोलला तो बोलला. मग काम दुपारी संपो की दिवे लागल्यावर. बोल्ट गंजून मोडला तर तो मोडलेला बोल्ट गॅरेजचा, गिऱ्हाइकाचा नाही. मालक गेले आणि दारातल्या खुर्चीत वहिनी बसल्या. शाळेची पायरी त्यांनी झिजवली नव्हती, दुरून पाहिली होती इतकंच. पण अंक वाचता येत होते, सही येत होती आणि माणूस वाचता येत होता. भाऊजी गाडीखालून बोटांनी आकडा दाखवत, वहिनी त्यात गिऱ्हाइकाचं तोंड मिळवत नाहीतर वजा करत, की झाली मजुरी. ज्याच्या मागच्या सीटवर पोरांच्या दप्तरांचा ढीग, त्याला कमी. जो न उतरता नुसती काच खाली करून बोलतो, त्याला जास्त.

मग लेक कंपनीच्या शोरूममधली नोकरी सोडून घरच्या धंद्यात आला, आणि येताना पुस्तकाची सवय घेऊन आला. त्याने सगळ्यांना उभं करून समजावलं. शोरूममध्ये मजुरी तोंड बघून ठरत नाही. प्रत्येक कामाला तास लिहून दिलेले असतात. क्लचप्लेट बदलायची, इतके तास. ब्रेक पॅड, इतके. तासाचा भाव भिंतीवर लावायचा, गुणाकार करायचा, आकडा तयार. मेकॅनिकने अर्ध्या वेळात उरकलं तरी गिऱ्हाइकाने पुस्तकातले तास द्यायचे, आणि दुप्पट वेळ लावला तरी तेवढेच. मेकॅनिकचंही तसंच. दिवसभर घाम किती गाळला ते कुणी विचारत नाही. त्याने संपवलेल्या कामांचे पुस्तकातले तास जितके होतील, तितक्यांचेच पैसे त्याला.

"म्हणजे घड्याळ भिंतीवर नाही, पुस्तकात," वहिनी म्हणाल्या.

"बरोबर."

"आणि ज्याने ते लिहिलं, तो कधी गाडीखाली झोपला होता का?"

लेक हसला. हसून वेळ मारून न्यायची कला त्याने शोरूममध्येच उचलली होती.

तरी खोटं कशाला बोला, पुस्तक वहिनींना आवडलं. पहिल्याच आठवड्यात एक साहेब भांडायला उभे राहिले. काम माझ्या डोळ्यांदेखत तासाभरात झालं, मग लेबर दोन तासांचं कसं? वहिनी म्हणाल्या, दाताचा डॉक्टर दाढ झटक्यात काढतो तेव्हा त्याला सांगता का, अर्धेच घ्या म्हणून, तुम्ही मला पुरेसं छळलं नाहीत? साहेब गुमान पैसे देऊन गेले. घासाघीस करायला पुस्तकासारखा पाठीराखा नाही, हे वहिनींनी ओळखलं.

राहिले भाऊजी. लेकाने त्यांचाही विचार केला होता, अगदी चांगल्या मनाने. काकांना यातून वगळू, त्यांना महिन्याचं ठरावीक देऊ, त्यांनी जमेल तसं करावं, असं तो म्हणाला. पण म्हणाला ते दोन्ही मेकॅनिकांसमोर. त्यातला एक लंबू. गाडीपेक्षा लांब आणि त्याहून लांब जिभेचा. तो म्हणाला, "काकांना पुस्तक नको, कॅलेंडर लावा."

दुसरा मेकॅनिक गप्प्या. तो कधी बोलत नसे, पण तोसुद्धा खाली बघून हसला. वहिनींच्या कानशिलांतून जाळ निघाला.

"भाऊजींनाही पुस्तकच लावा," त्या म्हणाल्या. "या घरात त्यांना कुणी दयेवर पोसत नाही. तुमच्या ओठांवरचं दूध वाळलं नव्हतं तेव्हापासून ते इंजिनं उतरवतायत. पुस्तकाच्या आधी उरकून दाखवतील."

भाऊजी फडक्याला हात पुसत उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "वहिनी म्हणतात तसं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त बोलणारीने हात दाखवले ते दुसऱ्याचे.

त्या हातांचं काय झालं होतं ते वहिनींना ठाऊक नव्हतं असं नाही. जेवताना भाऊजींच्या हातून पाण्याचा पेला दोनदा निसटला होता. उजव्या हाताची दोन बोटं शेंड्याला बधिर झाली होती. बोल्टचा आटा लागला की नाही हे त्या बोटांना आता कळत नसे, म्हणून ते प्रत्येक बोल्ट लावून पुन्हा सोडवून पुन्हा लावत. गुडघे तर खाली बसताना लंबूच्या रेडिओतूनही ऐकू येईल असा आवाज करत. पण जे दिसतं ते सगळं बघायलाच हवं असं कुठे आहे? आपला माणूस म्हातारा होतोय हे बाई शेजारणीच्या आधी ओळखते आणि तिच्या नंतर कबूल करते.

पहिला आठवडा संपला तेव्हा लंबूचे तास भाऊजींच्या दुपटीला पोचले होते. दुसऱ्या आठवड्यापासून भाऊजी शटर उघडायच्या आधी गॅरेजच्या माथ्यावरच्या घरातून मागच्या दाराने खाली उतरू लागले. गाडी जॅकवर चढवून, चाकं काढून ठेवून तयार बसत, म्हणजे बाकीचे येईपर्यंत थोडं पुढे गेलेलं असावं. जेवायला वर येईनासे झाले. वहिनी डबा खाली पाठवत, भाऊजी तो उभ्याने खाऊन परत पाठवत.

गाड्यांच्या कामाची कार्डं मेकॅनिकांना वाटायचं काम वहिनींचं होतं. आणि पुस्तकाची एक खोड त्यांनी लवकरच हेरली. सगळे तास सारखे नसतात. काही कामांना पुस्तकाने सढळ हाताने तास दिलेत, अर्ध्या वेळात काम होतं. मेकॅनिक लोक त्याला लोणी म्हणतात. काही कामांना इतके कमी दिलेत की चांगल्या गड्याचाही घाम निघतो. ते हाडूक. कुणाच्या वाट्याला लोणी आणि कुणाच्या वाट्याला हाडूक, हे कार्ड वाटणाऱ्याच्या हातात.

वहिनींच्या हातात.

मग ब्रेक पॅडच्या गाड्या भाऊजींकडे जाऊ लागल्या. बॅटरी, बेल्ट, फिल्टर, सगळं भाऊजींकडे. गंजक्या सायलेन्सरचे बोल्ट गप्प्याकडे, कारण तो बोलत नाही. भाऊजींचे तास वाढले. शनिवारी हिशेब झाला की वहिनी मोठ्याने म्हणत, "बघा, म्हटलं नव्हतं?" लंबू छताकडे बघे. भाऊजी पुन्हा वर येऊन बसून जेवू लागले. एकदा तर ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, हात जरा सैल झाल्यासारखे वाटतायत. वहिनींनी पोळी घ्यायला पाठ फिरवली, कारण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

असं चार महिने चाललं असतं, चारच आठवडे चाललं. लंबू बोलेल म्हणून वहिनींनी उत्तर घोकून ठेवलं होतं. बोलला गप्प्या. खुर्चीसमोर येऊन उभा राहिला, हाताला सायलेन्सरचा गंज.

"वहिनी, महिना झाला, मला एक ब्रेकचं काम आलं नाही. घरी बायको विचारते, तू काम करतोस की नुसता बसतोस."

तो चढ्या आवाजात बोलला नाही. चढा असता तर वहिनींनी त्याला तिथल्या तिथे उभा चिरला असता. त्या नुसत्या म्हणाल्या, उद्यापासून बघते. गप्प्या वळला, आणि त्याच्या मागे हातात ब्रेक पॅडचा खोका घेऊन भाऊजी उभे होते.

दुपारी ते वर आले, पण ताटावर बसले नाहीत.

"लहानपणी दादाच्या नकळत तुम्ही माझ्या ताटात जास्त वाढायचात," ते म्हणाले. "मला कळायचं. मी गुपचूप खायचो. आता ते दुसऱ्याच्या ताटातलं होतं, वहिनी."

"तुमचा हक्क आहे या गॅरेजवर," वहिनी म्हणाल्या. "मालकांच्या बरोबरीचा."

"गॅरेजवर आहे. गप्प्याच्या तासांवर नाही."

दुसऱ्या दिवशी एक गाडी एसीच्या कामाला आली. कूलिंग कॉईल गळत होती. ती असते डॅशबोर्डच्या पार मागे. आख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, स्टेअरिंग काढायचं, वायरी सोडवायच्या, आणि परत सगळं होतं तसं बसवायचं. हाडकातलं हाडूक. वहिनी कार्ड लंबूकडे देत होत्या, ते भाऊजींनी मधूनच घेतलं. वहिनींनी धरून ठेवलं. दोघांच्या हातात कार्ड क्षणभर ताणलं गेलं. मग सहा डोळे बघतायत हे लक्षात येऊन वहिनींनी सोडलं.

पहिला दिवस काढण्यात गेला. काढणं त्यांना जमलं, आणि सुंदर जमलं. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्या क्रमाने गोणपाटावर मांडलेला. दुसऱ्या दिवशी कॉईल बसवायची होती. तिच्या मागच्या बाजूला एक नट हाताने, न दिसता, नुसत्या बोटांच्या शेंड्यांनी लावावा लागतो. भाऊजी गाडीत आडवे होऊन हात आत घालत, थोड्या वेळाने आत कुठेतरी नट टणकन पडे, मग चुंबकाची काडी घालून तो शोधत आणि पुन्हा घालत. लंबूने रेडिओ बंद केला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. वहिनी खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

गिऱ्हाईक दोनदा चौकशी करून गेलं. पुस्तकातले तास कधीच सरले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गाडीतून बाहेर आले, दरवाजाला धरून उभे राहिले आणि गप्प्याला म्हणाले, "तुझा हात बारीक आहे. एवढा नट लावून दे रे." गप्प्या चटकन आडवा झाला. नट बसला, कॉईल बसली, आणि गप्प्या बाहेर यायलाही तयार नव्हता. पाय बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली, तसाच पडून राहिला बराच वेळ, काहीतरी तपासत असल्यासारखा.

भाऊजींनी कार्डावर गप्प्याचं नाव लिहिलं. सगळे तास त्याला. गप्प्या नको नको म्हणाला. भाऊजी म्हणाले, काढायचं काम कुणीही करतं, तास असतात ते बसवण्याचे.

त्या संध्याकाळी वहिनींनी लेकाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, काकांचं महिन्याचं ठरव, तू म्हणालास तसं. लेक म्हणाला, मी आजच त्यांच्याशी बोललो, ते नाही म्हणाले. मग वहिनी स्वतः भाऊजींच्या खोलीत गेल्या. आयुष्यात त्या कुणाच्या दारात मागायला गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या औषधपाण्यालासुद्धा नाही. भाऊजी पिशवी भरत होते. थोरल्या बहिणीकडे जातो म्हणाले, तिलाही एकटीला करमत नाही.

"मी बोलून गेले," वहिनी म्हणाल्या. "माझा शब्द मी मागे घेते. झालं?"

"तुमचा शब्द मागे घ्यायला लावणारा मी कोण?" भाऊजी म्हणाले. "आणि तुम्ही बरोबरच बोललात. चारचौघांत माझ्यासाठी तेवढं कुणी बोललं नव्हतं. दयेवर नाही म्हणालात. मग आता दयेवर कसा राहू?"

वहिनींनी सदऱ्याची घडी भाऊजींच्या हातातून काढून घेतली, कारण घडी वाकडी होती, आणि सरळ करून पिशवीत ठेवली.

हत्यारांची पेटी भाऊजींनी नेली नाही. फक्त दोन पाने, एक पक्कड आणि फडकं. लेक त्यांना बसपर्यंत सोडून आला. वहिनी शटरच्या आतच उभ्या राहिल्या. दारापर्यंत जाऊन निरोप देण्याइतके लहान भाऊजी राहिले नव्हते, आणि पाया पडून घेण्याइतक्या त्या मोठ्या राहिल्या नव्हत्या, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

पुढे गॅरेज बरं चाललं. कार्डं आता एकाआड एक वाटली जातात, लोणी आलं तर लोणी, हाडूक आलं तर हाडूक. गिऱ्हाइकं वहिनींशी पूर्वीसारखी भांडत नाहीत, कारण वहिनीच पूर्वीसारख्या भांडत नाहीत. आकडा सांगतात आणि गप्प बसतात. लंबूने एकदा मुद्दाम खोडी काढून पाहिली, उत्तर आलं नाही. तो म्हणाला, वहिनींची तब्येत दाखवायला हवी.

मग एक दिवस वन्संचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, शेजाऱ्याची जुनी गाडी तुमच्या भाऊजींनी धरलीय. काही घेत नाहीत त्याच्याकडून. परवापासून तिच्याखाली पडलेत, जेवायला हाक मारली की येतो येतो म्हणतात. शेजारी बिचारा सायकलीवर फिरतोय, पण एका शब्दाने बोलत नाही.

"बाहेर ओढून फोनवर देऊ का?" वन्संनी विचारलं.

वहिनींना हो म्हणायचं होतं. किती दिवसांत गाडीखालून येणारी ती "वहिनी" अशी हाक कानावर आली नव्हती.

"नको," त्या म्हणाल्या. "मधेच उठवू नका त्यांना. लागू द्या लागेल तितका वेळ."